एकही खलाशी वाचला नाही

ते युद्ध चालू होतं तेव्हा मी दिवसाचे सहा तास कपाटात बसायचो. थट्टा करत नाही. भाईंदरला जेसल पार्कमधल्या आमच्या वन बीएचकेत आवाज न घुमणारी तेवढी एकच जागा होती. बायकोच्या साड्या एका बाजूला सरकवून, दारांना आतून गोधड्या ठोकून मी तिथं माइक लावला होता. एका वृत्तवाहिनीचं काम घरून करत होतो. दिल्लीहून हिंदी मजकूर फोनवर यायचा. त्याचं मराठी करायचं, ते तारस्वरात वाचायचं आणि पाठवून द्यायचं. वीस मिनिटांत माझा आवाज पडद्यावर. चेहरा मात्र कधीच नाही. शेजारच्या बाई बायकोला विचारायच्या, "भाऊजी कपाटात कोणावर ओरडत असतात हो?" बायको सांगायची, "लढाईवर गेलेत. जेवायला येतील."

युद्ध आखातातलं. लढणारे दोन्ही देश आपले नव्हेत. पण आठवड्याभरात आमच्या सोसायटीनं त्यातला एक आपलासा केला आणि दुसऱ्याला शत्रू ठरवलं. त्यात वाहिनीचा हात होता, म्हणजे माझाही. आम्हाला नियम घालून दिले होते. ‘आपला’ सैनिक धारातीर्थी पडतो, समोरच्याचा खात्मा होतो. आपण प्रत्युत्तर देतो, तो भ्याड हल्ला करतो. मेलेल्या बायकामुलांसाठी कुठला शब्द वापरायचा हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती बातमी सहसा यायचीच नाही.

खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. वीस वर्षं मी शेतीच्या खतांच्या आणि पायऱ्या चढणाऱ्या गुडघ्यांच्या जाहिराती वाचल्या होत्या. आता एकदम राखरांगोळी, धूळधाण, नेस्तनाबूत. ‘चिंधड्या’ हा शब्द मी असा काही फोडायचो की दिल्लीचा मराठी न कळणारा माणूससुद्धा फोनवर ‘वाह’ म्हणायचा. कपाटात घामाघूम होऊन बसलेला, बनियनवरचा, सत्तेचाळीस वर्षांचा मी रोज दोन-तीन शहरं धुळीला मिळवत होतो आणि नंतर वरणभात खात होतो.

संध्याकाळी खाली सोसायटीच्या ऑफिसात टीव्ही लावून पुरुषमंडळी बसत. गॅसचा सिलिंडर वेळेवर येईना, रिक्षावाल्यांनी मीटरपेक्षा जास्त मागायला सुरुवात केली, तरी त्यांचा निर्धार काही ढळला नाही. "त्रास झाला तर सोसू," बँकेतून निवृत्त झालेले आमचे सेक्रेटरी म्हणत. "आणखी सहा महिने चालू दे. पण आता माघार नको." पलीकडचे एक गृहस्थ शेव चघळत दुजोरा देत, "इस बार पूरा खतम करना चाहिए." माझं तिथं कौतुक व्हायचं. मी आलो की खुर्ची मोकळी करायचे. एकदा सेक्रेटरींनी पाठीवर थाप मारून सांगितलं, "तुमचा आवाज ऐकला की अंगात वारं संचारतं हो." मी दोन दिवस तरंगत होतो.

आमच्या इमारतीत फक्त एकाच बाईला त्या युद्धाशी खरं देणंघेणं होतं, आणि ती इमारतीत राहतसुद्धा नव्हती. ती उत्तनची मासळीवाली. गळ्यात चांदीचा बारीक क्रूस, कमरेला पिशवी. रविवार सोडून रोज सकाळी गेटपाशी पाटी उतरवायची. चौदा वर्षं आम्ही तिच्याकडूनच घेत होतो. तिचा नवरा आधी स्वतःच्या बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट चालवणारा, हुकूम सोडणारा. मासळी घटली, बोट विकावी लागली. मग तो आखातात एका टगवर, मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणाऱ्या बोटीवर, खलाशी म्हणून गेला. चार वर्षं झाली होती. ते बंदर आता बातम्यांत रोज यायचं.

मी न्यूजवाला म्हणून ती मलाच विचारायची. "दादा, तुमाला आतली खबर असंल. कदी थांबंल ह्ये?"

"निर्णायक टप्प्यात आहे," मी म्हणायचो.

"म्हंजे?"

"म्हणजे थांबेल लवकर."

एवढ्यावर ती चार बोंबील जास्त घालायची. ते मी घ्यायचो, हे आता लिहितानाही शरम वाटते.

एकदा तिनं सांगितलं की नवघरचा एजंट म्हणतो टीव्ही बघूच नका. या एजंटानं तिच्या नवऱ्यासह उत्तनचे सात जण तिकडं पाठवले होते. नवघरमधल्या जुन्या बैठ्या घरांतच त्याचं घर, आणि पुढच्या खोलीत ऑफिस. "त्यो म्हनतो, मी रोज फोन लावतोय, सगली बरी हायत. टीव्हीवाली उगाच बोंबलतात." टीव्हीवाली बोंबलतात म्हटल्यावर मला राग आला. मी तिला सुनावलं, "एजंट दुसरं काय सांगणार? त्याचं दुकान आहे ते. माणसं पाठवून मोकळा झाला. उद्या काही झालं तर आधी तोच पळेल." ती बराच वेळ पाटीतल्या मासळीवर पाणी शिंपडत राहिली. मग म्हणाली, "तुमी शिकलेली मानसं. तुमी खोटं कशाला सांगाल."

मग एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दिल्लीहून ओळ आली: ‘बंदरगाह के पास जहाज तबाह, चालक दल में कोई नहीं बचा.’ सोबत निरोप, जल्दी भेजो.

उत्तरेकडचे लोक बोलताना विमानालाही जहाज म्हणतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे भैयाजी दर उन्हाळ्यात गावाला ‘जहाज से’ जातात आणि आम्ही त्यांची टिंगल करतो, बनारसला समुद्र कधी आला म्हणून. पण ओळीत बंदर होतं, घाई होती, आणि माझ्या डोक्यात शब्द आधीच उड्या मारत होते. मी लिहिलं: ‘बंदराजवळ जहाजाच्या चिंधड्या! एकही खलाशी वाचला नाही!’ चालक दल म्हणजे वैमानिक मंडळी असू शकतात हे मनाला शिवलंसुद्धा नाही. खलाशी हा शब्द दिल्लीनं दिलेला नव्हता, तो माझा. चांगला, खणखणीत, मराठी शब्द. तो मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा जास्त चढवून. वाहिनीनं त्यावर जळणाऱ्या जहाजाचं कुठलंतरी जुनं चित्र जोडलं.

साडेबाराला फोन आला. दिल्लीचा माणूस हसत होता. "अरे भाई, प्लेन था वो. कार्गो प्लेन. आपने तो डुबा दिया."

मी कपाटातून बाहेर पडलो. म्हटलं, खुलासा चालवा, मी आत्ता वाचून देतो.

"खुलासा-वुलासा कुछ नहीं. लाइन बदल दी है. पब्लिक का मूड बना हुआ है, बीच में ‘सॉरी’ कौन बोलेगा?"

मी तसाच शर्ट घालून खाली उतरलो. गेटपाशी पाटी होती, त्यात मासळी होती, मांजर एक मांदेली ओढत होतं. बाई नव्हती. वॉचमन म्हणाला, "साहब, आपका ही चल रहा था मोबाइल पे. सुनते ही वो चिल्लाई. नवघर भागी है, एजंट के पास. हाथ में तराजू का वजन था, वो भी नहीं रखा."

रिक्षानं नवघर दहा मिनिटं. मी मनात वाक्य जुळवत गेलो. बाई, चूक झाली, ते विमान होतं. एवढंच तर सांगायचं होतं.

एजंटाच्या घरासमोरच्या बोळात तीस-चाळीस माणसं जमली होती. उत्तनहून टेम्पो भरून आलेले नातेवाईक, आणि तमाशा बघायला थांबलेले आसपासचे. एजंट ओट्यावर उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. बुटका, टक्कल पडलेला, लुंगीवरचा माणूस. जेवणातून उठून आला असावा, उजवा हात उष्टाच होता. दोन्ही हात वर करून तो ओरडत होता, "जहाज नाय, विमान व्हतं ते! माजं बोलनं झालंय कंपनीशी! तिकडचे फोन बंद हायत म्हनून तुमाला लागत नाय!"

तो खरं बोलत होता. त्या बोळात हे दोनच माणसांना ठाऊक होतं, त्याला आणि मला.

"झूट बोलतोय," कोणीतरी ओरडलं. एका माणसानं मोबाइल उंच धरून आवाज पूर्ण वाढवला. त्यातून मी बोलू लागलो. बंदराजवळ जहाजाच्या चिंधड्या. एकही खलाशी वाचला नाही. त्यानं ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. एक म्हातारी जमिनीवर बसून कपाळ बडवत होती. तिसऱ्यांदा माझा आवाज आला तेव्हा लोक पुढं सरकले.

मी तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगू शकतो. पण त्याच क्षणी मला दिसलं की आता जो बोलेल त्यालाही धरतील. आणि मी कोण हे कळलं तर त्याला सोडून मलाच धरतील. मी तोंड मिटलं आणि एका उभ्या स्कूटरच्या मागं सरकलो.

आमची मासळीवाली सगळ्यांत पुढं होती. तिनं त्याची बनियन धरली आणि त्याला ओट्यावरून खाली खेचलं. "बोल, कुटं हाय माजा मानूस? सात जन नेलंस, सात जन दे!" तो म्हणाला, "बाय, ऐक माजं—" तिचा हात वर गेला. मुठीत ते अर्ध्या किलोचं लोखंडी वजन होतं. आपल्या हातात काय आहे याची तिला शुद्ध होती असं मला आजही वाटत नाही. आवाज फार मोठा झाला नाही. नारळ दुसऱ्या खोलीत फोडला तर येतो तेवढाच. तो डावा डोळा धरून गुडघ्यावर बसला आणि बोटांमधून रक्त आलं.

रक्त दिसल्यावर लोक थांबतील असं वाटलं होतं. उलट झालं. आतापर्यंत लांब उभे होते ते धावले. हेल्मेटनं मारलं, बुटांनी मारलं, एकानं रस्त्याकडेचा पेव्हर ब्लॉक उचलून पाठीत घातला. एक तरुण बाई चपलेनं नुसतं तोंडावर मारत होती आणि रडत होती. उत्तनच्या लोकांचं एक वेळ समजू शकतो, त्यांची माणसं गेली होती असं त्यांना वाटत होतं. पण ज्यांचा कोणीच तिकडं नव्हता तेही हात धुवून घेत होते. त्यातला एक मारता मारता म्हणाला, "खात्मा कर साल्याचा." तो शब्द कुठून आला हे मला कोणी सांगायला नको होतं. एजंटाची बायको दारातून बाहेर आली, तिला कोणीतरी केसांना धरून आत ढकललं. दाराच्या फटीत तिची बोटं अडकली, ती किंचाळली. खाली पडलेला माणूस आधी हात आडवे घालत होता, मग नुसतं अंग मुडपत होता, मग तेही थांबलं.

हे सगळं पाच-सात मिनिटं चाललं असेल. माझ्यासमोर.

पोलीस येतायत अशी हूल उठली तशी माणसं पांगली. मग मात्र मी पुढं झालो. शूर माणूस. मी रिक्षा थांबवली, त्याला उचलून मांडीवर घेतलं, हॉस्पिटलात नेलं, फॉर्मवर सही केली. माझा शर्ट लाल झाला होता. पोलिसानं विचारलं, कोणी मारलं? मी म्हणालो, पाहिलं नाही, मी नंतर पोचलो. बाईला वाचवायला खोटं बोललो अशी मी माझी समजूत घालून घेतली. बाई वाचली हे खरंच, तक्रार अनोळखी जमावावर लागली. पण त्या खोट्याच्या आड मी स्वतःच आधी जाऊन उभा राहिलो होतो.

संध्याकाळी उत्तनहून तिकडं फोन लागायला लागले. सातही जण सुखरूप होते. तिच्या नवऱ्याला तर काही घडलंय हेच ठाऊक नव्हतं, तो इंजिनात तेल घालत होता.

एजंटाचा डावा डोळा काढावा लागला. तीन बरगड्या मोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो तेव्हा त्याची बायको, हाताच्या बोटांना पट्ट्या बांधलेल्या, माझ्या पाया पडायला वाकली. तो पडल्या पडल्या कसंबसं म्हणाला, "तुमी नसता आला तर मेलो असतो. देवमानूस." मी म्हणालो, नाही हो, काहीतरीच काय. माणूस नम्रपणे म्हणतो ना, तसं. त्यांना तो विनय वाटला. सोसायटीतही बातमी पोचली होती. सेक्रेटरींनी माझ्यासाठी पुन्हा खुर्ची मोकळी केली, पण त्या संध्याकाळी मी बसलो नाही. टीव्हीवर युद्ध चालूच होतं. मी रजा घेतली होती, माझ्या जागी बदली आवाज होता, आणि तोही चिंधड्या बरा म्हणत होता.

चौथ्या दिवशी मासळीवाली आली. पाटीशिवाय आणि थेट आमच्या दारात. चौदा वर्षांत तिनं उंबरा ओलांडला नव्हता, त्या दिवशीही ती बाहेरच उभी राहिली. डोळे सुजलेले.

"दादा, त्याचा डोला मी फोडला. फादरला सांगितलं. फादर म्हनले, त्याला जाऊन सांग. माजी हिंमत न्हाय व्हत. तुमी त्याला वाचवलंत, तो तुमचं ऐकंल. तुमी संगती चला."

मी बायकोकडं पाहिलं. तिला मी आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. आताही ती फक्त पाहत होती.

मग मी बाईला सांगितलं. ओळ कशी आली, जहाज म्हणजे काय, विमान कसं होतं, खलाशी कोणी घातला. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे तो खरं बोलत व्हता?"

"हो."

"आनि तुमाला ठावं व्हतं? तिकडं येयाच्या आदी?"

"हो."

"तुमी आलावता कदी?"

मी खरं सांगितलं. तिनं मला थोबाडीत मारली. मासळी कापून कापून घट्ट झालेला हात, कान वाजायला लागला. आमच्या मीरा-भाईंदरमध्ये मराठी न बोलल्याबद्दल मार खाल्लेले लोक आहेत. मराठी बोलून मार खाल्लेला बहुधा मी एकटाच. बायको आतून म्हणाली, "अजून एक द्या." पण बाईनं दुसरी दिली नाही. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. थोड्या वेळानं उठून म्हणाली, "चला."

हॉस्पिटलात दुपारची जेवणं चालू होती. एजंटाची बायको डाव्या हातानं त्याला मऊ भात भरवत होती. मला बघून त्यानं उठायचा प्रयत्न केला. मासळीवाली पलंगाच्या पायथ्याशीच थांबली आणि एका दमात बोलून गेली, की वजन माझ्या हातात होतं, डोळा मी फोडला, पोलिसाला सांगायचं तर सांग, मी कुठं पळणार न्हाय. एजंटानं उरलेल्या डोळ्यानं तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "तुजा मानूस गेला असं तुला वाटलं, बाय. माज्या बायकोनं पन तेच केलं असतं." त्याच्या बायकोनं मान वळवली.

आता माझी पाळी होती. मी घसा खाकरला, ही वीस वर्षांची सवय. टीव्हीवरचा आवाज माझा होता, हे सांगितलं. शब्द माझा होता, हेही सांगितलं. त्याचा चेहरा फारसा बदलला नाही. उलट त्यानं मलाच धीर दिला. "चूक झाली," तो म्हणाला. "कामात चूक व्हते. माज्याकडं पन पासपोर्टवर कितीदा नाव चुकतं. तुमी धावत आला ना सांगायला? तुमाला पोचायला उशीर झाला, त्याला तुमी काय करनार."

मला तिथं गप्प बसता आलं असतं. मासळीवालीनं माझ्याकडं पाहिलंही नाही, ती खिडकीबाहेर बघत होती. तो मला सोडून देत होता, त्याच्या बायकोनं चमचा पुन्हा भातात घातला होता.

"उशीर झाला नव्हता," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"मी तिथंच होतो. स्कूटरच्या मागं."

चमचा थांबला. त्यानं हळूहळू तोंड माझ्याकडं वळवलं, सगळं वळवावं लागलं, कारण मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो.

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"तुम्ही ओट्यावर उभे होता. विमान होतं म्हणून सांगत होता. तेव्हापासून."

त्याचा श्वास मोठ्यानं यायला लागला, मोडक्या बरगड्यांमुळं प्रत्येक श्वासाला तो कळवळत होता. मग त्यानं भिंतीकडं तोंड केलं. बायकोनं भाताची वाटी खाली ठेवली, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "परत येऊ नका."